जात्याशीं बोललेलें दुःख

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा एक संस्कृत ग्रंथ रचिला. राजानें काय खावें, हत्ती कसे पकडावे, रत्नें कशीं पारखावीं, येथपासून तों करमणुकीच्या नाना प्रकारांपर्यंत सर्व कांहीं त्यांत आलें आहे. गायनाविषयीं लिहितांना मात्र या राजाची दृष्टि क्षणभर राजवाड्याबाहेर गेली, आणि महाराष्ट्रांत स्त्रिया कांडण करितांना ओवी गातात, अशी नोंद त्यानें करून ठेविली. मराठी स्त्रीच्या गाण्याचा इतका जुना व इतका साधा उल्लेख दुसरा मिळणें कठीण. त्यांत गाणारीचें नांव नाहीं, ती कवयित्री असल्याचा निर्देश नाहीं. ती कांडीत होती आणि गात होती, एवढेंच.

ओवी ही श्रम हलके करण्यासाठीं आहे, असें सामान्यतः सांगितलें जातें. तें खोटें नाहीं. मोट हाकणारा, होडी वल्हविणारा, ओझें ओढणारा, सारेच गातात. परंतु श्रमाला ताल पुरे होतो, अर्थाची त्याला गरज नसते. जात्यावरच्या ओवींत तर अर्थ ठासून भरलेला असतो, आणि तो बहुधा पिठाविषयीं नसून सासर, माहेर, भाऊ, मूल, सवत, मरण यांविषयीं असतो. म्हणजे हात ज्वारी दळीत असतात आणि मन आपलें निराळेंच दळण काढीत असतें. हें दुसरें दळण काय होतें, आणि जातें थांबल्यावर त्याचें काय झालें, याचा इतिहास यवतमाळ जिल्ह्याच्या आधारें पाहण्याजोगा आहे.

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मध्यें पसरलेला हा मुलूख म्हणजे वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. इ. स. १८६४ मध्यें इंग्रजी अंमलांत तो स्वतंत्र जिल्हा झाला व पुढें वणीच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९०५ सालीं पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि यवतमाळ हें नांव रूढ झालें. जमीन काळी, पैशाचें पीक कापसाचें, पोटाचें पीक ज्वारीचें. कापूस गाडींत बसून परगांवीं जाई. ज्वारी घरीं राही, आणि तिची भाकर व्हावयाची तर कोणीतरी पहाटे उठून ती दळावी लागे. गरिबाच्या घरीं हें काम घरच्या बायकांना सुटत नसे. सुखवस्तु घरीं तें मोलकरणीवर जाई, आणि मग ओवीहि मोलकरणीबरोबर जाई.

कोंबडा आरवण्यापूर्वींची वेळ. पुरुष ओसरीवर निजलेले, मुलें पांघरुणांत. एक बाई एकटी, अथवा सासू-सून, जावा-जावा अशा दोघी, जात्यापाशीं पाय पसरून बसतात. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडीं जाते आणि घरघर सुरू होते. या घरघरीचें महत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण ती आवाजाची एक भिंतच आहे. बाई जें म्हणते तें समोरचीला ऐकूं जातें. माजघरापलीकडे सूर जातो, शब्द पोंचत नाहींत. दिवसभर जिला मान वर करून बोलण्याची मुभा नाहीं, तिला ही एक घटका अशी मिळे कीं तिनें काय म्हटलें याचा जाब कोणी विचारीत नसे. आणि विचारलाच, तर ओवी आईपासून चालत आलेली. ती कांहीं तिनें केलेली नव्हे!

आतां जिला कविता करितां येत नाहीं तिला ओवी कशी येई? याचें उत्तर ओवीच्या घडणींत आहे. चाल ठरलेली, ओळी दोन, शेवटीं यमक. पहिली ओळ बहुधा वारशानें आलेली असे. दिवस उगवला, तुळशीला पाणी घातलें, पंढरीची वाट लागली, अशा एखाद्या ओळखीच्या उंबरठ्यावर पाऊल टाकावयाचें आणि दुसऱ्या ओळींत आपल्या भावाचें, आपल्या लेकीचें, आपल्या गांवाचें नांव घालावयाचें. कधीं कधीं एक शब्दच बदलत असे. परंतु त्या एका शब्दानें कित्येक पिढ्यांची ओवी त्या सकाळपुरती तिची होऊन जाई. चुकली तर हंसणारें कोणी नाहीं, साधली तर टाळी वाजविणारेंहि कोणी नाहीं. श्रोतृवर्गच नसल्यामुळें चांगलें कोणतें व वाईट कोणतें हा प्रश्न उत्पन्न होत नसे. कलेच्या दृष्टीनें ही उणीव वाटेल. मनाच्या दृष्टीनें यांतच ओवीचें बळ होतें.

तरी ओवी अगदीं हवेंत सोडलेली नसे. ती कोणाला तरी उद्देशून असे: सईला, दूरच्या भावाला, विठोबाला, आणि कोणीच नसेल तर प्रत्यक्ष जात्याला. जात्याला देव मानून त्याच्याशीं बोलण्याची रीत ओव्यांतून सर्वत्र आढळते. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दळणकांडण करी, आणि प्रत्यक्ष विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळूं लागे, ही आख्यायिका महाराष्ट्रांत ठाऊक नाहीं असें घर नसेल. भाविक तिच्यांत देवाचें वात्सल्य पाहतात. एकटीनें दळणाऱ्या बाईला त्यांत आणखीहि कांहीं दिसत असलें पाहिजे: समोरून खुंट्यावर कोणाचा तरी हात असावा, ही गरज.

या ओव्या म्हणजे स्त्रियांचें बंड होतें असें अलीकडे कोणी म्हणतात. तें अतिशयोक्तीचें आहे. सासूचा जाच गाणारी सून पुढें स्वतः सासू झाली, आणि पुष्कळदां तिनेंहि तेंच केलें. ओवीनें घराची रीत बदलली नाहीं. त्या रीतींत राहूनहि बाईचें मन सडूं नये, एवढेंच तिनें केलें. आणि हें 'एवढेंच' थोडें नव्हे.

दळणाखेरीज वऱ्हाडांत आणखी एक जागा होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघर भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारीं भुलोबा, आणि संध्याकाळीं आळींतल्या मुली जमून गाणीं म्हणतात. गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद यांची यथेच्छ टिंगल असते. रुसून माहेरीं निघालेल्या भुलाबाईला कोण कोण परत न्यावयास येतें, याचें वर्णन मुली रंगून रंगून करितात. शेवटीं डब्यांतला खाऊ ओळखावयाचा. परक्या घरीं जाण्याचें भय ज्या वयांत मनांत पहिल्यानें शिरतें, त्याच वयांत त्या भयाला हंसावयास शिकविणारा हा खेळ आहे. हीं गाणीं कोणी रचिलीं हें कोणास ठाऊक नाहीं, आणि मुलींनीं तें कधीं विचारिलेंहि नाहीं.

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा तांड्यांत रीत याहून वेगळी आहे. तेथें रडण्यालाच गाण्याचें रूप आहे. लग्नानंतर तांडा सोडून जातांना नवरी आपल्या गोर बोलींत जें विलापगीत म्हणते त्यास ढावलो म्हणतात. आईबापांच्या, भावाच्या, सखीच्या गळ्यांत पडून ती एकेकाचा निरोप गात गात घेते. हें गाणें तिला वडीलधाऱ्या बायका आधीं शिकवितात. रडणें शिकवावें लागतें काय, असें शहरी माणसास वाटेल. परंतु नुसता हुंदका आणि ढावलो यांत मोठा भेद आहे. हुंदक्यांत बोलतां येत नाहीं. ढावलोंत प्रत्येकाला जें सांगावयाचें तें सांगून होतें.

पुष्कळ काळ या सर्व गाण्यांकडे विद्वानांचें लक्ष नव्हतें. साने गुरुजींनीं बायाबापड्यांकडून ओव्या मिळवून 'स्त्री जीवन' हा संग्रह सिद्ध केला. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनीं स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथास 'अपौरुषेय वाङ्मय' असें मोठें मार्मिक नांव दिलें. वेदांचें विशेषण त्यांनीं जात्यापाशीं आणून बसविलें. शेजारच्या खानदेशांत असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत व घरांत काम करितांना त्यांनीं म्हटलेलीं गाणीं त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर यांनीं टिपून ठेविलीं. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या, आणि १९५२ मध्यें आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं तेव्हां त्या थोर कवयित्री ठरल्या. त्या होत्याच तशा. पण त्यांच्या मागें ज्या हजारों बायका होत्या त्या थोर कवयित्री नव्हत्या, तरी गात होत्या. येथें विषय त्यांचा आहे. पुण्यांतील हेमा राईरकर व गी पॉतव्हँ या अभ्यासकांनीं त्यांचाच माग काढिला. एक हजाराहून अधिक गांवें हिंडून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत त्या सर्वांस ऐकण्यास खुल्या झाल्या आहेत. एक लक्ष ओव्या! कांहीं थोड्या प्रतिभावंतांकडून एवढें पीक येत नाहीं. सगळें रान पेरलेलें असलें तरच तें येतें.

ज्या गोष्टी जात्यापाशीं अनुभवानें ठाऊक होत्या त्यांस पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं गेल्या चाळीस वर्षांत मापें लावून पाहिलें आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस आपल्या आयुष्यांतील सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयीं ओळीनें चार दिवस, दररोज पंधरा मिनिटें, लिहावयास सांगितलें. तथ्य आणि भावना अशीं दोन्हीं ज्यांनीं लिहिलीं त्यांस लिहितांना दुःख अधिक झालें, परंतु पुढील कांहीं महिन्यांत त्यांस वैद्याकडे जाण्याचे प्रसंग कमी आले. २०१६ सालीं डॉ. गिरिजा कैमल यांनीं ३९ प्रौढ व्यक्तींस पाऊण तास रंग, माती, कागद घेऊन मन मानेल तें करूं दिलें व लाळेंतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर वाढणारें द्रव्य, आधीं व नंतर मोजलें. सुमारें तीनचतुर्थांश लोकांत तें उतरलें, आणि ज्याला कलेचा पूर्वानुभव होता त्याच्यांत व ज्याला नव्हता त्याच्यांत या बाबतींत फरक दिसला नाहीं.   अर्थात् इतक्या थोड्या माणसांवरील प्रयोगावरून फार मोठा सिद्धान्त काढणें शहाणपणाचें होणार नाहीं.

पुरुषांचें काय, हा प्रश्न येथें साहजिक आहे. त्यांस जातें नव्हतें, भजन होतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज स्थापिला, आणि त्यांच्या खंजिरीचा नाद वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत पोंचला. गांवोगांव संध्याकाळीं सामुदायिक प्रार्थना होऊं लागली. परंतु भजनांत पुरुष दुसऱ्याचे शब्द म्हणतो. त्यांत आपल्या सावकाराचें, आपल्या बुडालेल्या पिकाचें नांव घालण्याची सोय नाहीं. चारचौघांत बसून तो संसार मिथ्या असल्याचें गातो, घरीं येतो, आणि संसाराविषयीं कोणाशीं बोलत नाहीं. हा भेद लहान दिसतो, परंतु पुढील इतिहास पाहतां तो लहान नव्हता.

मग चक्की आली. आधीं इंजिनावर व नंतर विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीनें गांवांतलीं जातीं एकामागून एक थांबविलीं. याबद्दल हळहळणाऱ्यांनीं आधीं एक पायली ज्वारी दळून पाहावी. खांदे भरून येणें, तळहाताला घट्टे पडणें, बाळंतिणीलाहि थोड्याच दिवसांत खुंटा धरावा लागणें, हीं या कामाचीं खरीं रूपें होतीं, आणि बायकांनीं चक्कीचें स्वागत केलें तें योग्यच केलें. पण तिच्याबरोबर पहाटेची ती घटका गेली, आवाजाची भिंत गेली, समोरची गेली. दुःखें मात्र चक्कीवर दळून मिळत नाहींत. डब्यांत पीठ घेऊन परतणाऱ्या बाईला तीं मनांतच ठेवून परतावें लागलें.

जातें अगदींच नाहींसें झालें नाहीं. लग्नाची हळद दळावयाची असली म्हणजे तें कोपऱ्यांतून बाहेर निघतें, धुतलें जातें, त्याची पूजा होते. त्या वेळीं दोनचार ओव्याहि होतात. पण खुंट्याला हात लावण्याचा मान सुवासिनींचा. ज्या वृद्धांना ओव्या खरोखर येतात त्यांच्यापैकीं बऱ्याच जणींचें कुंकू पुसलेलें असतें. त्या भिंतीशीं बसून गातात आणि जातें दुसऱ्या फिरवितात. रोजच्या दळणांत विधवेला मज्जाव नव्हता. तिच्यावर तर घरचें अधिक दळण पडे, आणि त्याबरोबर अधिक ओव्या. दळण सणापुरतें उरलें तेव्हां नेमकी तीच त्यांतून वगळली गेली.

आणि याच काळांत या जिल्ह्यांत विधवा वाढत होत्या. १९ मार्च १९८६ रोजीं महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनीं आपली पत्नी व चार मुलें यांच्यासह जगाचा निरोप घेतला. जाहीर नोंद झालेली महाराष्ट्रांतील शेतकरी कुटुंबाची पहिली आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. पुढें कर्ज, कोरडवाहू कापूस आणि पडलेले भाव यांच्या फेऱ्यांत अशा घटना थांबेनात. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली; त्या सहांत यवतमाळ होतें.

गेलेल्यांची गणना होऊं लागली. मागें राहिलेल्या बायकांस मात्र एक चमत्कारिक स्थिति प्राप्त झाली. त्यांना आपली कहाणी सांगावी लागे, पण ती कचेरींत. सरकारी साहाय्याचे एक लाख रुपये मिळण्यास मृत्यूचें कारण नापिकी, कर्जबाजारीपणा व परतफेडीचा तगादा यांत बसावें लागे. सातबारा कोणाच्या नांवें, कर्ज बँकेचें कीं सावकाराचें, याच्या चौकशीनंतर प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरे. सरकारी पैसा देतांना चौकशी व्हावी हें समजण्यासारखें आहे. परंतु ज्या बाईचा नवरा 'अपात्र' ठरला तिनें तो शब्द घेऊन घरीं काय करावें? जात्यापाशीं तिनें तीच हकीकत सांगितली असती तर जात्यानें पुरावा मागितला नसता.

अशा बायकांना रंगभूमीवर आणण्याचें काम वर्ध्याचे दिग्दर्शक हरीश इथापे यांनीं केलें. नाटक श्याम पेठकर यांनीं लिहिलें. नांव 'तेरवं', म्हणजे मेल्यानंतरचा तेरावा दिवस. त्यांत ज्यांनीं कामें केलीं त्या नट्या नव्हत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी व लेकी होत्या. त्यांतील कोणी कधीं तोंडाला रंग लावला नव्हता, आणि एरव्हीं त्यांचा दिवस शेतावर, मजुरींत किंवा अंगणवाडींत जाई. ओवीप्रमाणें येथेंहि शब्दांचा सांगाडा दुसऱ्यानें तयार करून दिलेला होता. आंतला मजकूर त्यांचा होता. फरक इतकाच कीं आवाजाची भिंत येथें नव्हती. समोर अंधारांत माणसें बसलेलीं असत आणि तीं प्रत्येक शब्द ऐकत. हा फरक मोठ्या धोक्याचा आहे. जें दुःख एकांतांत हलकें होतें तें प्रेक्षकांपुढें रोज उघडलें तर बोथट होईल, किंवा जखम पुन्हां वाहूं लागेल, अशी शंका घेण्यास जागा आहे. तथापि या बायका एकेकट्या नव्हत्या. प्रत्येकीच्या शेजारीं तिच्यासारखीच दुसरी उभी होती. खुंट्यावरचा दुसरा हात त्यांना पुन्हां मिळाला होता. त्यानें कोणाचें कर्ज फिटलें नाहीं, आणि फिटेल असें त्यांनीं म्हटलेंहि नाहीं.

११ जानेवारी २०१९ रोजीं यवतमाळ येथें ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. यापूर्वीं १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं तें या गांवीं भरलें होतें. यावेळीं उद्घाटनासाठीं इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावण्यांत आलें होतें. मग तें निमंत्रण मागें घेतलें गेलें, त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलें, आणि अनेक लेखकांनीं येण्याचें नाकारलें. रिकाम्या झालेल्या जागेवर कळंब तालुक्यांतील राजूर गांवच्या वैशाली येडे यांना बोलावण्यांत आलें. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, अंगणवाडींत काम करणाऱ्या, आणि 'तेरवं' नाटकांतल्या एक. पहिल्या यादींत त्यांचें नांव नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं. अडचण पडली म्हणून त्यांची आठवण झाली.

अध्यक्षस्थानीं डॉ. अरुणा ढेरे होत्या, ज्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग मराठी स्त्रियांच्या लोकपरंपरेला वाहिलेला आहे. उद्घाटक या नात्यानें वैशाली येडे बोलावयास उभ्या राहिल्या. सारस्वतांच्या त्या मेळ्यापुढें त्यांनीं, अडचणीच्या वेळीं दिल्लीची नव्हे तर गल्लींतलीच बाई कामास येते, असें यवतमाळच्या कोणत्याहि आळींत बोललें जाईल तशा साध्या भाषेंत सांगितलें, आणि मग आपल्यासारख्या मागें राहिलेल्या बायकांविषयीं त्या बोलूं लागल्या.